उण्या बाजूचा रकाना

ज्या घरात मुलगा नसतो, त्या घरातल्या मुलीचं आमच्याकडे फार कौतुक होतं. आंबेगाव तालुक्यातल्या कुठल्याही गावात जा, असा एखादा बाप भेटतोच. पाहुणे आले की पोरीच्या पाठीवर थाप मारून म्हणतो, "ही पोरगी न्हाई, माझा पोरगाच हाये." पाहुणे माना डोलावतात, पोरगी लाजते, आणि आत चुलीपाशी तिची आई भाकरी थापत राहते. या वाक्यात दम किती ते आईला ठाऊक असतं. पोरीला मात्र ते खरं वाटतं. अवसरी बुद्रुकच्या वृषालीला ते कॉलेज संपेपर्यंत खरं वाटलं.

तिचे वडील गोरखभाऊ, घरात आप्पा. धंदा मंडप आणि भांड्यांचा. घराशेजारी पत्र्याची लांबलचक शेड होती. तिच्यात बल्ल्या, वासे, रंगीत कनाती, सतरंज्यांच्या वळकट्या आणि भिंतीला लागून भांडी. हंडे, घंगाळी, पितळी पराती आणि माणूस आत बसून अंघोळ करेल एवढाली पातेली. नव्वदच्या दशकात लग्नं दारातच व्हायची. दारापुढं मुहूर्तमेढ रोवली की गोरखभाऊंचा टेम्पो आलाच म्हणून समजा. मंचरपासून घोडेगावापर्यंत त्यांचं नाव होतं, आणि ते नाव त्यांनी प्रामाणिकपणे कमावलं होतं. माणूस वाईट नव्हता. ते मुद्दाम सांगतो, कारण पुढचं वाचून कुणालाही तसं वाटेल.

वृषाली त्या शेडमध्येच वाढली. शाळेतून आली की दप्तर सतरंजीवर भिरकावायचं आणि परत आलेली भांडी उतरवून घ्यायला टेम्पोपाशी पळायचं. कुणाच्या लग्नात भात उरला, कुणी आमटीत ऐनवेळी पाणी वाढवलं, हे ती खरकट्या पातेल्यांकडे बघून सांगायची आणि गडी हसून लोटपोट व्हायचे. मोठेपणी कोण होणार असं विचारलं की वर्गातल्या बाकीच्या मुली नर्स म्हणायच्या, मास्तरीण म्हणायच्या. ही म्हणायची, "मंडपवाली." त्यावर लोक का हसतात हे तिला कळायचं नाही. तिला तो धंदा हवा होता. दुसरं काही तिनं कधी मागितलंच नाही.

घरात तो मागणारं दुसरं कुणी नव्हतंही. म्हणजे तिच्या लेखी नव्हतं. शेजारच्या घरात थोरले चुलते गेणभाऊ राहायचे आणि त्यांचा मुलगा सुदर्शन. वृषालीपेक्षा दोन वर्षांनी मोठा. दहावीला दोनदा आपटला आणि मग त्यानं शाळेला आणि शाळेनं त्याला रामराम ठोकला. केसांवरून सारखा कंगवा फिरवायचा, आप्पांचा टेम्पो हौसेनं चालवायचा, बल्ली उचलायची वेळ आली की त्याला कुठलं तरी काम आठवायचं. पण स्वभावानं गरीब. त्याच्यावर राग धरावा असंही काही त्याच्यात नव्हतं, आणि हीच तर अडचण होती.

बारावी कॉमर्सनंतर तालुक्यातल्या एका कॉलेजात नवा कोर्स निघाला होता, बीबीए. जाहिरातीत लिहिलं होतं, 'उद्योजक घडवणारा अभ्यासक्रम'. वृषालीनं ती जाहिरात आप्पांपुढं धरली. आप्पांनी विचारलं, "ह्यात मंडपाचं शिकवत्यात का?" ती म्हणाली, "सगळ्या धंद्यांचं शिकवतात." आप्पा म्हणाले, "मंग घे की." दोन हजार दोन साल होतं. पोरीला शिकवायला मागेपुढे न पाहणारा बाप म्हणून गावात आप्पांचं आणखी नाव झालं.

पहिली दोन वर्षं पाठांतरात गेली. खरी गंमत तिसऱ्या वर्षाला आली. शेवटच्या वर्षी एक विषय होता, स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट. आजवर जे जे शिकलात, हिशोब, बाजार, माणसं, कायदा, ते सगळं एकत्र बांधायचं आणि धंद्यानं पुढं कुठं जायचं ते ठरवायचं. त्यासाठी प्रत्येकानं आपल्या भागातला एक चालता धंदा धरायचा, त्याचा अभ्यास करायचा आणि वर्षाच्या शेवटी परीक्षकापुढं मांडायचा.

शिकवायला अन्सार सर होते. जुन्नरच्या बाजारपेठेत त्यांच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान. सर पुण्याला शिकून आलेले, कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे घंटा वाजली की साहेब आणि सुट्टी लागली की बेकार. रोज जुन्नरहून एसटीनं यायचे आणि वर्गात शिरले की प्रवासाचा शीण दाराबाहेर ठेवल्यासारखे बोलायचे. पुस्तक इंग्रजी, बोलणं मराठी. त्यांनी फळ्यावर चौकोन काढून त्याचे चार रकाने केले. धंद्याची भक्कम बाजू, उणी बाजू, बाहेरची संधी, बाहेरचा धोका. "हे चार रकाने भरून आणा," ते म्हणाले, "मग पुढचं बोलू."

पोरं भरून घेऊन आली. एकानं वीटभट्टी धरली होती, एकानं बेकरी, एकानं मामाचं ट्रॅक्टरचं शोरूम. तीन रकाने तुडुंब भरलेले आणि उण्या बाजूचा रकाना कोरा. सगळ्यांचाच कोरा. एकानं तिथं लिहिलं होतं, 'देवाच्या कृपेने काही नाही.' बेकरीवाल्या पोरानं लिहिलं होतं, 'मालक फार प्रेमळ आहेत.'

सरांनी कपाळावर हात मारला. "अरे, भट्टीवाल्याची अर्धी वीट पावसात जाते म्हणून तूच सांगत होतास ना मला?"

भट्टीवाला पोरगा मान खाली घालून म्हणाला, "सर, त्यांनी बोलावून घरात बसवलं. चहा पाजला. पोहे खायला लावले. मग कसं लिहायचं?"

त्याचंही खरं होतं. आमच्याकडची रीत तीच आहे. ज्याच्या उंबऱ्याच्या आत बसून चहा घेतला, त्याची उणीदुणी चारचौघांत काढायची नाहीत. काढलीच तर माणूस खाल्ल्या घरचे वासे मोजणारा ठरतो. आणि चहा घेतल्याशिवाय आमच्याकडे कुणी कुणाला काही सांगतही नाही. तेव्हा धंद्याचा अभ्यास करायला गेलेला पोरगा चहा घेऊन मुका होतो आणि चहा नको म्हणाला तर उंबऱ्यावरूनच परत येतो. हा पेच परदेशी पुस्तक लिहिणाऱ्याला कुठून ठाऊक असणार?

सर एवढंच म्हणाले, "मालक खड्ड्याकडं चाललाय, आणि तुम्ही बाजूला उभं राहून त्याला नमस्कार करताय. ह्याला आदर म्हणत नाहीत. उणी बाजू कोरी असलेला एकही प्रोजेक्ट मी घेणार नाही."

वृषालीला ते पटलं. तिनं आपल्या घरचाच धंदा धरला. आपल्याच घरी चहा प्यायचा असतो, तिथं मिंधेपणा कसला, असा तिचा हिशोब.

त्या हिवाळ्यात ती आप्पांच्या एम-एटी मोपेडवर मागं बसून तालुकाभर हिंडली. आजवर तिनं धंदा शेडमधून पाहिला होता, आता गिऱ्हाईकाच्या अंगणातून पाहिला. हायवेला लागून नवी मंगल कार्यालयं उठत होती. तिथं ती मालकांना भेटली, आणि चहा पुढं आला की म्हणायची, "आधी बोलू, मग घेऊ." लोकांना पोरगी जरा आगाऊ वाटली, पण ते बोलले. तिच्या लक्षात आलं की दारातली लग्नं आता दारात राहणार नाहीत. ज्याच्या घरी पहिली पोरगी कार्यालयात उजवली, तो दुसरीला पुन्हा अंगणात मंडप घालणार नाही. बल्ल्यांचे दिवस भरत आले होते.

आणि दुसरी गोष्ट भावकीची. दाट तिथ आली, म्हणजे एकाच दिवशी तालुक्यात शंभर लग्नं निघाली, की आप्पांची सगळ्यात चांगली कनात आणि सगळ्यात मोठी पातेली भावकीत जायची, आणि भावकीकडून भाडं घ्यायचं नसतं. बाहेरचं गिऱ्हाईक हात हलवत परत जायचं आणि पुढच्या वेळी दुसरीकडं जायचं. आप्पांना वाटायचं आपण नाती सांभाळतो. वृषालीला दिसलं की आपण गिऱ्हाईक घालवतो.

तिनं सगळं लिहिलं. मग पुढचा मार्ग लिहिला. रस्त्याकडेची आपली जी जमिनीची पट्टी आहे, जिथं विहिरीला पाणी लागलं नाही म्हणून कुणी ढुंकून बघत नाही, तिथं लॉन्स काढायचं. हिरवळ, तिच्यापुरतं टँकरचं पाणी, स्टेज, भटारखाना, गाड्या लावायला जागा. भांडी आपली आहेतच. भावकीला सवलत द्यायची, पण विरळ तिथीला. दाट तिथीला सगळे सारखे.

एका सकाळी धार काढून झाल्यावर तिनं ते आप्पांना मराठीत वाचून दाखवलं. आप्पा ओट्यावर बसले होते. भावकीचं आलं तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी पडली. संपल्यावर म्हणाले, "पुन्यांदा वाच." तिनं पुन्हा वाचलं.

"आयला," आप्पा म्हणाले, "म्या आजवर नुसत्या बल्ल्या उचलल्या. धंदा तर तू बघितला."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते खरं पाणी होतं. वृषाली त्या दिवशी कॉलेजला गेली तेव्हा तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. एसटीच्या खिडकीतून ती रस्त्याकडेची पट्टी दिसली आणि तिला तिथं हिरवळ दिसली, आचाऱ्याला आवाज देणारी ती स्वतः दिसली. पोरीनं स्वप्न बघितलं, त्यात तिचं काय चुकलं? ज्यानं पाठीवर थाप मारली त्यालाच तिनं शब्दाचा पक्का धरलं.

वर्षाच्या शेवटी परीक्षा झाली. अन्सार सरांनी एक नवं काढलं होतं. ज्याचा धंदा, तो मालक समोर बसवायचा. त्याच्या तोंडावर सांगता येत नसेल तर अभ्यास कसला, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा वर्गात मालक मंडळी इस्त्रीचे कपडे घालून आली, त्यांना रीतीप्रमाणे गुलाब आणि नारळ दिले गेले. पुण्याहून बाहेरचे परीक्षक आले होते. शांत, चष्मेवाले, पुन:पुन्हा घड्याळाकडं बघणारे. आप्पा आले ते सुदर्शनच्या मोटारसायकलवर. त्यानं नवा शर्ट घातला होता.

वृषाली उभी राहिली आणि बोलली. अडखळली नाही. भक्कम बाजू सांगितली तेव्हा आप्पा सरळ होऊन बसले. उणी बाजू सांगताना तिनं भावकीचं नाव घेतलं, बल्ल्यांचे दिवस संपल्याचं सांगितलं. वर्गात चुळबुळ झाली, पण आप्पांनी सगळ्यांदेखत मान डोलावली. वीटभट्टीचा मालक म्हणाला, "वाघीण हाये राव." मग तिनं लॉन्सचा बेत मांडला आणि परीक्षकांनी पहिल्यांदा घड्याळावरून नजर काढली.

"फार चांगलं," ते म्हणाले. "एक सांगा. हा सगळा धंदा एका माणसावर उभा आहे. मालकांच्या नंतर कोण? ते कुठं दिसलं नाही."

ते तिनं लिहिलंच नव्हतं. विसरली नव्हती. तिला ते लिहायची गरजच वाटली नव्हती. ती म्हणाली, "मी."

मग आप्पा हसले. टिंगलीनं नाही, मायेनं. लहान लेकरानं पाहुण्यांपुढं काहीतरी बोबडं बोलावं आणि बापानं सावरून घ्यावं, तसे हसले आणि परीक्षकांकडं वळून म्हणाले, "त्ये ऱ्हायलं वाटतं लिवायचं. आमचा सुदर्शन हाये की, पुतन्या. हा बसलाय. पोरीला काय, उद्या दिल्या घरी जायचंय."

सुदर्शननं उठून नमस्कार केला.

"असं, असं," परीक्षक म्हणाले. "म्हणजे वारस ठरलेला आहे. मग ती काही उणी बाजू राहिली नाही." आणि त्यांनी कागदावर तशी खूण केली. पुढच्या पोराचं नाव पुकारलं. वृषाली जागेवर जाऊन बसली. अन्सार सर खिडकीतून बाहेर बघत होते.

तिला वर्गात सगळ्यात जास्त मार्क पडले. आप्पांनी पेढे वाटले.

त्या दिवशी संध्याकाळी घरी पोचल्यावर मात्र तिनं विचारलं. ओट्यावर, आई समोर असताना. "आप्पा, मी कोण हाये मग?"

आप्पांना प्रश्नच कळला नाही. "कोन म्हंजी? माझी पोरगी."

"पोरगाच हाये म्हनायचा ना तुमी?"

"म्हनतो की. आजबी म्हनतो. पर म्हनून काय तुला बिनलग्नाची ठिऊ? तुझं लगीन असं करीन की तालुका बघत ऱ्हाईल. अगं, उद्या म्या मेल्यावर मला पानी कोन पाजनार? सुदर्शनच ना? ज्यो पानी पाजील त्याला काय मोकळ्या हातानं पाठवायचं? म्या पाडलेली रीत न्हाई ती, पोरी. समद्यांचीच हाये."

"मी पाजीन पानी."

"येड्यावानी बोलू नगं," आप्पा म्हणाले आणि उठून शेडकडं गेले. रागावून गेले नाहीत. गेले ते तिच्यासाठी स्थळ बघायला सुरुवात करायला हवी असं मनात धरून, कारण दुसऱ्याच आठवड्यात पाहुणे यायला लागले.

वृषाली आईकडं वळली. आईचं नाव साळुबाई. आयुष्यभर तिनं त्या धंद्याची खरकटी भांडी घासली, आणि कधी कुणी तिचं नाव त्या धंद्याशी जोडलं नाही. ती परातीत पीठ मळत होती. वर न बघता म्हणाली, "मला ठावं व्हतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"धंदा तुझा म्हून तुला कुनी सांगितलं व्हतं का, का तुझं तू धरून चाललीस? म्या सांगितलं असतं तर तू काय ऐकलं असतं? आन् ऐकून काय क्येलं असतंस?"

आयांची हीच तर रीत असते, खरं बोलतात, पण सगळं होऊन गेल्यावर.

लॉन्स झालं. वृषालीनं लिहिल्याप्रमाणेच झालं, त्याच पट्टीवर. स्टेज पूर्वेला, भटारखाना वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे धूर वऱ्हाडावर जाणार नाही. हेही तिनंच लिहिलं होतं. फाटकावर कमान लागली, 'सुदर्शन लॉन्स'. उद्घाटनाला पंचायत समितीतले कुणी सभापती घोडेगावहून आले आणि भाषणात म्हणाले की ग्रामीण भागातल्या तरुणांनी अशी दूरदृष्टी ठेवली पाहिजे. सुदर्शननं मान लववली. वृषाली फाटकाशी उभी राहून आलेल्या बायकांना हळदीकुंकू लावत होती. तिथं पहिलं लग्न लागलं ते तिचंच. आप्पांनी शब्द पाळला, तालुका बघत राहिला. पंगती उठत होत्या, हिरवळीवर दिवे लखलखत होते, आणि नवरी स्टेजवर बसून वाढप्यांकडं बघत होती, मठ्ठा कुठं संपलाय आणि कुणाच्या ध्यानात आलेलं नाही ते. करवलीनं तिला कोपरानं ढोसलं, "खाली बघ की जरा."

नवरा जुन्नरचा, पतसंस्थेत कारकून. सज्जन. सासरची माणसंही खाऊनपिऊन सुखी. तिथं तिला कुणी छळलं नाही, आणि तिचा उपयोगही कुणाला नव्हता. सासूनं पहिल्याच महिन्यात सांगितलं, "आमच्यात बायकांनी बाहेर काही करायची गरज पडत न्हाई." सासूनं ते मोठेपणानं सांगितलं होतं.

एकदा दिवाळीच्या आधी ती नणंदेला घेऊन बाजारपेठेत बांगड्या भरायला गेली. दुकानात गल्ल्यावर अन्सार सर बसलेले. कॉलेजनं पुढच्या वर्षी त्यांना बोलावलंच नव्हतं. कुणा विश्वस्ताचा भाचा पास होऊन आला होता. सरांनी तिला लगेच ओळखलं. नणंद काचेच्या बांगड्या निवडत बसली तेव्हा त्यांनी हळू आवाजात विचारलं, "सध्या काय करतेस?"

"घरीच," ती म्हणाली. मग तिलाच राहवलं नाही. "सर, माझ्या प्रोजेक्टात एक उणी बाजू लिहायची राहिली होती."

"ठाऊक आहे," सर म्हणाले. "मी वाचताना खूण करून ठेवली होती. वाटलं, तुला माहीत नसेल, आणि सांगायचं माझ्यानं झालं नाही."

"माहीत होती. आत कुठंतरी माहीतच होती. पण आमच्या घरचा चहा मी वीस वर्षं प्यायले होते, सर."

अन्सार सरांनी बांगड्यांचं एक खोकं उगाच उघडलं आणि मिटलं. एवढ्यात नणंदेनं हिरव्या बांगड्या पुढं केल्या, आणि सरांनी तिचा हात हातात घेऊन सफाईनं भरल्या. वडिलांकडून शिकलेली विद्या होती ती. स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट दोघांच्याही कामाला आलं नाही.

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात आप्पा अचानक जुन्नरला आले. बरोबर पिशवीत भुईमुगाच्या शेंगा. थकलेले दिसत होते. जावई कामावर, सासू मंदिरात, घरात दोघंच. पाणी पिऊन झाल्यावर पहिल्यांदा इकडचं तिकडचं बोलले आणि मग मुद्द्यावर आले.

हायवेला आता लॉन्सच लॉन्स झाली होती. ज्याच्या शेतात पाणी नाही, त्यानं हिरवळ लावली. सुदर्शनचे दिवस भरत चालले होते. गिऱ्हाईक फिरून दुसरीकडं जाई, आणि त्याला ते का जातं हेच कळत नव्हतं. आता त्याच्या डोक्यात आलं होतं की शेडमधली सगळी जुनी भांडी मोडीत घालायची आणि त्यातून कारंजं बसवायचं. शेजारच्या लॉन्सवाल्यानं बसवलं होतं.

"माझं मन व्हत न्हाई," आप्पा म्हणाले. "तांब्या-पितळंची भांडी हायती. पर पोरगा म्हनतो जागा अडतीय. आन् त्येबी खरंय, आता कुनाच्या दारात मंडप ऱ्हायलाय? तुला काय वाटतं? तू त्येवढं शिकलीयस त्यातलं."

वृषालीला उत्तर लगेच दिसलं. इतकं लख्ख दिसलं की तिला हसू येणार होतं. रस्त्यावर एवढी लॉन्स झाली, आणि दाट तिथीला सगळीकडं एकाच वेळी पंगती बसतात. स्टेज सगळ्यांकडं आहे, हिरवळ सगळ्यांकडं आहे, दिवे आहेत. हजार माणसांचा स्वयंपाक होईल अशी भांडी त्यांच्यातल्या एकाकडंही पुरेशी नाहीत. ज्यांच्याशी सुदर्शन कारंज्यानं भांडायला निघाला होता, ते सगळेच्या सगळे त्याचे गिऱ्हाईक होते. शेड मोडायची नाही, वाढवायची. लॉन्स राहो न राहो, भांड्यांशिवाय तालुक्यात एकाचंही लग्न लागणार नाही. हे सांगायला चहा उकळेपर्यंतचा वेळही लागला नसता.

ते तिच्या ओठांवर आलं. ती बोलली असती तर आप्पांनी तिला पुन्हा वाचायला लावल्यासारखं पुन्हा सांगायला लावलं असतं, त्यांच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं असतं, आणि ते पाणी पुसून ते सगळं उचलून अवसरीला घेऊन गेले असते, ज्याच्या हाती द्यायचं त्याच्या हाती द्यायला. तिला बापाचा राग आला होता. इतकी वर्षं तो गिळला होता. आणि तरीही एक वेडी आशा होतीच. ती नाही म्हणेल, आणि आप्पा म्हणतील, खोटं बोलू नगं, पोरी. तुला कळतं. तुझ्याएवढं घरात कुनालाच कळत न्हाई.

"मला नाही कळत त्यातलं, आप्पा," ती म्हणाली आणि त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली.

आप्पांनी मान डोलावली. त्यांना जराही नवल वाटलं नाही.

"त्येबी खरंच," ते म्हणाले आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "बाईमानसाला कुठनं कळायचं. म्याच येडा, तुला इचारत बसलो. जा, च्या टाक."